आरक्षण पडलेला शब्द

आमच्या पुनावळ्यात हिंदुरावआबांइतका संशयी माणूस दुसरा नाही. दूधवाल्याने हसून रामराम केला, तरी आबा घरात जाऊन दूध मापून बघणार. मी सख्खा पुतण्या, पण माझ्या हातातल्या मोबाइलवरही त्यांचा डोळा. सुनेवर तर कायमच. दिव्या लातूरकडची, चाकणच्या एका कंपनीची वेबसाइट घरी बसून बनवते. दार लावून ही कुणाशी बोलते, हे आबांना खुपायचं.

एकदा त्यांनी दाराला कान लावलाच. दिव्या सोबत काम करणाऱ्या ओंकारला फोनवर सांगत होती, "अरे, तो आधीच रिझर्व्ह्ड आहे. नाव नाही लावता येणार."

आबांना वाटलं, हे बोलणं जमिनीचंच. हायवेजवळचा त्यांचा शेवटचा तुकडा! आमच्याकडे रिझर्व्ह्ड म्हटलं की अर्थ एकच: जमिनीवर आरक्षण पडलं, उद्या तिथे रस्ता नाहीतर बाग होणार आणि आपण हात चोळत बसायचं. सुनेला हे कळलंय आणि ती लपवतेय, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. घरात चकार शब्द काढला नाही. बातमी फुटायच्या आत दलाल दौलतरावला गाठलं आणि मिळेल त्या भावात तुकडा त्यालाच विकून, खरेदीखत करून मोकळे झाले.

मग पेढे घेऊन घरी आले. मीही तिथेच होतो.

"दौलत्याला टोपी घातली! आरक्षणाचा तुकडा मारला त्याच्या गळ्यात," ते दिव्याला म्हणाले. "तू लपवलंस, पर मला समदं ठावं हाय."

"कसलं आरक्षण?"

आबांनी तिचंच वाक्य तिला ऐकवलं.

"आबा, ते प्रोग्रामचं होतं. प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात, त्या भाषेनं काही शब्द स्वतःसाठी राखून ठेवलेत. 'क्लास', 'न्यू', 'डिलीट' असे. आपण कशालाही नाव देताना ते वापरायचे नसतात. ओंकारनं नेमकं 'क्लास' हेच नाव दिलं होतं."

"शब्दावर आरक्षण? आन् जमिनीवर?"

"जमिनीवर काहीच नव्हतं."

आबा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. कुठे खोटं सापडतंय का, तेच शोधत असणार.

"मला एकदा विचारायचं तरी, आबा," दिव्या रडवेली होऊन म्हणाली.

"इचारलं असतं गं," आबा म्हणाले, "पर तू खरं सांगशील, असं वाटलंच न्हाई."