बायकोची फ्रेंच

फ्रेंच मला शिकायची होती. बायकोने शिकायचं असं कुठंच ठरलं नव्हतं.

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. ओल्या कागदात सरकी मांडायची, कागद गुंडाळून ठेवायचा, ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवली ते मोजायचं, आणि त्या लॉटपुढे पास की नापास ते लिहायचं. बारा वर्षं हेच केलं. बायको एका खासगी दवाखान्यात सिस्टर. स्टेशनपासून जवळच दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही दोघंच राहायचो. गावी, टेंभुर्णीला, आई. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं.

कॅनडाचं वेड माझं. माझ्या वर्गातला एक मित्र तिकडे गेला होता. त्याच्या फोटोंचं मला फारसं काही वाटलं नाही, पण एक गोष्ट मनात बसली. कॉलेजात असताना तो सतत कुरकुर करायचा, आणि आता फोनवर अर्धा अर्धा तास बोलून तो एकदाही कुरकुरत नसे. मी अर्ज भरला तेव्हा छत्तिसावं चालू होतं. तिकडे वयाला गुण असतात आणि ते दर वाढदिवसाला कमी होतात. असे दोन वाढदिवस मी त्या वेबसाइटकडे बघत घालवले. शेवटी मित्रच म्हणाला, "फ्रेंच शिक. फ्रेंचवाल्यांना येगळं बोलावतेत, कमी गुणांवर बी बोलावतेत."

नागपूरच्या एक रिटायर्ड मॅडम ऑनलाइन शिकवायच्या. आठवड्यातून चार दिवस, सकाळी सहाला. मी टेबलावर मोबाईल उभा करून बसायचो आणि बायको मागे ओट्याशी डबे भरायची. घर एवढंसं, की मॅडमचा आवाज तिच्याही कानावर पडणारच. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी आकडे घेतले. फ्रेंचमध्ये नव्वदला वेगळा शब्द नाही, चार-वीस-दहा म्हणतात. ब्याण्णव म्हणजे चार-वीस-बारा. मी वहीत बेरजा मांडत बसलो होतो. मागून बायको हसली.

"यात काय अवघड आहे? आई न्हाई का मोजत, चार विसा न् बारा?"

मॅडमनी ते ऐकलं. "कोण बोललं ते? त्यांनाही बसवा ना," म्हणाल्या.

अशी ती बसली. मला सोबत म्हणून. मला बोलायला घरात कुणीतरी हवंच होतं. ती दवाखान्यातून आली की मी तिला वाक्यं विचारायचो, चुकली की सुधारायचो. पहिले काही महिने तसं चाललं. पुढे कधीतरी ती मला सुधारायला लागली, आणि नेमकं कधी ते आता सांगता येत नाही.

दीड वर्षाने मी पुण्याला जाऊन परीक्षा दिली. वाचन, लेखन निघालं. ऐकण्यात गेलो. कानाला हेडफोन, एक माणूस बोलतो, एकदाच बोलतो, आणि पुढचा प्रश्न येतो. तो काय बोलला यातले तीन शब्द मी धरून बसलेलो असायचो, तोवर तो दुसरीकडे पोचलेला. निकाल मॅडमना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही शब्द शोधता. तुमच्या मिसेस माणसाचं ऐकतात. पेशंटचं ऐकायची सवय आहे त्यांना." आणि पुढे म्हणाल्या, "तुम्ही अर्ज त्यांच्या नावाने का नाही करत? नर्स आहेत, तुमच्याहून लहान आहेत."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याने म्हटल्यावर टाळता येईना. बायकोने इंग्रजीची परीक्षा पहिल्या झटक्यात काढली. आता फ्रेंचचीच राहिली.

तोंडी परीक्षेत एक भाग असतो: समोरचा माणूस तुमचा मित्र आहे असं समजायचं आणि त्याला एखादी गोष्ट पटवून द्यायची. त्याचा सराव आम्ही रविवारी दुपारी करायचो. मी मित्र व्हायचो आणि नाही नाही म्हणायचो. एका रविवारी विषय होता, दुसऱ्या शहरात राहायला जाण्याबद्दल पटवा. ती नेहमीसारखी सुरू झाली. तिथे हवा चांगली आहे, काम आहे, रस्ते मोठे आहेत. मी म्हणालो, माझे सगळे लोक इथे आहेत, मी का जाऊ?

ती थांबली. मला वाटलं शब्द आठवत नाहीये. मग तिने सावकाश म्हटलं, "ला-बा, पेरसॉन न म दमांद रियें."

तिथं मला कुणी काही विचारत नाही.

दोन वर्षांच्या फ्रेंचमध्ये मनातल्या मनात मराठी न करता मला समजलेलं ते पहिलं वाक्य. समजलं आणि मी घाईने मास्तरकी केली. म्हणालो, "'म' न्हाई, 'नू' पाहिजे तिथं. 'मला' न्हाई, 'आपल्याला' कुणी विचारत न्हाई."

"चुकलं न्हाई," ती मराठीत म्हणाली. "तुम्हाला इथं बी कोणी विचारत न्हाई."

आणि ती कपडे काढायला गच्चीवर गेली.

आता ते सांगायलाच हवं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही दोघांनीही तपासण्या केल्या होत्या. तिच्यात काही दोष नव्हता. माझे रिपोर्ट खराब होते. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, औषधं दिली होती, मी ती काही महिने खाल्ली आणि सोडली. गावी मात्र मी एवढंच सांगितलं, "ट्रीटमेंट चालू आहे." कुणाची, ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, कारण सगळ्यांनी ते धरूनच चाललं होतं. टेंभुर्णीला गेलो की मी ओसरीत मित्रांत बसायचो आणि आत बायका तिला घेरायच्या. काही राह्यलं का? अमक्या देवाला जाऊन आली का? एकदा तर हळदीकुंकवाला तिला बोलावलंच नाही. सहा वर्षं ती हे ऐकून घेत होती आणि घरी येऊन मला एका शब्दानं बोलली नव्हती. मी समजत होतो, तिला त्याचं एवढं काही वाटत नाही.

त्या रविवारनंतर मला भीती वाटायला लागली. आपण हिच्यासोबत जात नाही आहोत, ही इथून जाते आहे आणि आपण मागे लागलो आहोत, असं काहीसं. ते मी तिच्याशी बोललो असतो तर बरं झालं असतं. मी दुसरंच केलं.

परीक्षेच्या जागा वेबसाइटवर अचानक उघडतात आणि थोड्या वेळात भरून जातात. ड्यूटीवर तिला मोबाईल वापरता येत नसे, म्हणून हे काम माझ्याकडे होतं. एका दुपारी प्रयोगशाळेत जेवण झाल्यावर मी बघितलं तर पुण्याच्या दोन जागा दिसत होत्या. तिचा पासपोर्ट नंबर मला पाठ होता. बोट तसंच ठेवून मी बसलो. थोड्या वेळाने एक जागा राहिली. मग तीही गेली. मी मोबाईल खिशात टाकला आणि जाऊन सरकीचे कागद उघडायला लागलो.

संध्याकाळी तिने विचारलं, "काही खुललं का?"

"न्हाई. सगळं फुल आहे."

"मंग उद्या बघा."

आठवड्याभराने शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एका मुलीने लिहिलं, पुण्याच्या जागा त्या दिवशी दुपारी निघाल्या होत्या, मला मिळाली. बायकोने तो मेसेज माझ्यासमोर धरला. "तुम्ही बघितलं नव्हतं का?" मी म्हणालो, नेट बंद होतं. तिने मान हलवली आणि भाकरी थापायला घेतली. तिने विश्वास ठेवला होता, आणि तेच मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मोटरसायकलवर दवाखान्यात सोडायला निघालो. मोतीबागेजवळ आल्यावर, तिच्याकडे बघावं लागत नव्हतं म्हणूनच बहुतेक, मी पुढे तोंड करून सांगून टाकलं.

"नेट चालू होतं. जागा दिसत होती."

"काय?"

"मी भरली न्हाई."

"गाडी थांबवा."

मी थांबवली. ती उतरली, पर्स खांद्यावर सरकवली. रस्त्यावर शाळेची पोरं, रिक्षा, सगळी गडबड. ती हळू आवाजात बोलत होती.

"किती होत्या?"

"दोन."

"दोन्ही जाईपर्यंत बघत राह्यलात?"

"हो."

"का?"

मी म्हणालो, "तू 'नू' म्हणली न्हाईस."

एवढा मोठा माणूस, आणि हे बोललो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सहा वर्षं झाली, रिपोर्ट आले त्याला. तुम्ही म्हणलात का कधी, आमचा प्रॉब्लेम आहे म्हणून? आईला म्हणलात का? तुमचा म्हणा, असं मी बोललेच न्हाई. आमचा म्हणायचं होतं."

तिने हात करून रिक्षा थांबवली आणि ती गेली.

घरी आम्ही बोलायचो, पण गॅस संपला, दूध आलं, एवढंच. तिने त्या वेबसाइटचा पासवर्ड बदलला. फ्रेंचचा सराव ती मॅडमशी फोनवर करायला लागली, गच्चीवर जाऊन. खाली मला आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. पुढच्या वेळी पुण्याची जागा मिळाली नाही तर तिने हैदराबादची घेतली आणि एकटीच गेली. स्टेशनवर मी बॅग डब्यात ठेवली. "या आता," म्हणाली, एवढंच.

ती हैदराबादला होती त्या दिवशी मी सुट्टी टाकून टेंभुर्णीला गेलो. आई गोठ्यात शेणपाणी करत होती. मी तिथंच उभा राहून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, कधी म्हणाले होते. आई पाटी हातात धरून ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, नाहीतर डॉक्टर बदलायला सांगेल.

तिने विचारलं, "तिला म्हाईत व्हतं?"

"पह्यल्यापासून."

"आन् मी तिला नवस बोलाया लावले."

तिने पाटी खाली ठेवली.

"तू बसल्ता ना तव्हा ओसरीत?" आई म्हणाली. "तुला आत ऐकू येत व्हतं का न्हाई?"

"येत होतं."

आईने पाटी उचलली आणि ती उकिरड्याकडे गेली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. जेवायला मात्र वाढलं.

बायको पास झाली. चारही भागांत. काही महिन्यांनी बोलावणं आलं, मग पोलीस तपासणी, मेडिकल, बँकेचे कागद. अर्ज भरताना तिने मला समोर बसवून विचारलं, "सोबत नवरा येणार का, असं विचारलंय इथं. काय लिहू?"

"तुला काय वाटतं?"

"मला न्हाई विचारलं. तुम्हाला विचारून राह्यले मी."

"लिही, हो," मी म्हणालो. तिने लिहिलं. पण गोठ्यातलं बोलणं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हिशेब चुकता केल्यासारखं वाटलं असतं, आणि तो चुकता होणारा नव्हता.

आधी ती एकटी जाणार, मी मागून, असं ठरलं. निघायच्या आधी ती आईच्या पाया पडायला गावी आली. आईने तिला उठवलं आणि हात सोडलाच नाही. म्हणाली, "मी लय विचारलं गं तुला."

माझी बायको चांगली आहे, कुणाचं मन मोडत नाही. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या आई, असं काही नाही. ती म्हणाली, "हो आई. लय विचारलंत." मग मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. तिला कळलं होतं. आई तिच्या हातावरून हात फिरवत राहिली आणि दोघीही तशाच बसल्या. मी बाहेर जाऊन भाड्याच्या गाडीत बॅगा नीट लावत बसलो, त्या आधीच नीट होत्या.

तिला जाऊन आता सात महिने झाले. कॅनडाच्या पूर्वेकडच्या एका लहान शहरात वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करते, नर्सचं लायसन्स मिळायला वेळ लागणार आहे. तिथल्या म्हाताऱ्यांची फ्रेंच मॅडमच्या फ्रेंचसारखी नाही म्हणते, पहिल्या आठवड्यात तिला काही कळेना, एक आजीबाई तर तिला बहिरीच समजली. हे सांगताना ती हसली. फोनवर तिला हसताना मी खूप दिवसांनी ऐकत होतो.

माझ्या व्हिसाला मुदत आहे. ती संपायच्या आत मी पोचलो नाही तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिने या विषयावर कधी घाई केली नाही. मागच्या रविवारी सहज म्हणाली, "मी जागा बदलली. दोघांना पुरेल अशी घेतलीय. तुम्ही न्हाई आलात तर कामावरच्या एका बाईला सोबत घेते."

"येतो मी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "गरम कपडे इथंच घेऊ, तिथून आणू नका." आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

राजीनामा मी सोमवारी दिला. साहेबांनी विचारलं, तिकडे जाऊन काय करणार? मी म्हणालो, माहीत नाही. ती 'घ्या' नाही, 'घेऊ' म्हणाली होती, ते मी साहेबांना काय सांगणार. ते ती कोणत्या अर्थाने म्हणाली, हेही मला नीट माहीत नाही. विमान पुढच्या महिन्यात आहे. आई विचारते, परत कधी येशील, आणि मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.