बेटावरची पुरलेली पिंपं

हारून हुर्जूक सौदीतल्या यान्बू बंदराला आला तो तेलाच्या टाक्या धुणाऱ्या टोळीतला एक साधा कामगार म्हणून. श्रीवर्धनजवळच्या गावात बापाची मासेमारीची होडी होती, पण तीन भावांची पोटं तिच्यावर भरणार नव्हती. एकवीस वर्षांत तो त्या टोळीचा मुकादम झाला. ज्या टाकीत उतरायला माणसं कचरत, तिच्यात आधी तो स्वतः उतरे. बोलणं मात्र बेताचंच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याच्या कंपनीला वेगळंच काम मिळालं. किनाऱ्यापासून होडीने तीन तासांवर, वन्यजीवांसाठी राखलेल्या एका निर्जन बेटावर, कासवांचा आणि समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. पंधरा वर्षांपूर्वी ते बंद पडलं. माणसं गेली, बाकी सगळं तिथेच राहिलं. पत्र्याच्या चार खोल्या, जनरेटर, फुगलेल्या बॅटऱ्या, डिझेलची गंजलेली पिंपं. एप्रिलच्या मध्याला कासवं अंडी घालायला येतात, त्याआधी बेट मोकळं करून द्यायचं होतं. हारून अकरा माणसं घेऊन गेला.

पाण्याखाली प्रवाळ असल्यामुळे मोठी बोट जवळ आणायला बंदी होती. हारूनने मनाशी ठरवलं होतं, भरती आली की जड सामान तरंगवत नेऊ, गावाकडे ओंडके नेतात तसं. पण इथली भरती जेमतेम घोटाभर. शेवटी सगळं खांद्यावरून, गुडघाभर पाण्यातून लहान होडीपर्यंत न्यावं लागलं. जनरेटर सुटा करायलाच चार दिवस गेले. गळक्या पिंपांतलं डिझेल हातपंपाने नव्या पिंपांत घेतलं. अठराव्या दिवशी बेटावर फक्त त्यांचे तंबू उरले.

तंबूचा एक खुंटा उपटला तर खड्ड्यातून डिझेलचा वास आला. हारूनने लोखंडी सळई वाळूत खुपसली. हातभरही गेली नाही, ठण्णकन पत्र्याला लागली. दुपारभर तो सळई घेऊन फिरला. पूर्वी कुणीतरी नको असलेली पिंपं सरळ वाळूत पुरून टाकली होती. एकतीस जागी त्याने काठ्या रोवल्या.

त्याने सॅटेलाइट फोनवरून नीलेशला कळवलं. नीलेश हा या कामाचा इंजिनीअर, मूळचा सोलापूरचा, यान्बूच्या ऑफिसात बसणारा. माणूस वाईट नव्हता, पण एकाच वेळी पाच कामं सांभाळत होता. त्याने सांगितलं की कंत्राट जमिनीवरच्या सामानाचं आहे, परवा होडी येतेय, वर वाळू ओढा आणि खलास. पुढच्या महिन्यात हारूनच्या इकाम्याचं, म्हणजे सौदीत राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण आहे, याचीही त्याने जाता जाता आठवण करून दिली.

हारून म्हणाला, "नीलेशसाहेब, लहानपणी मी कासवीण अंडी घालताना पाहिलीय. मागच्या पायांनी ती हातभर खोल उकरते. ही पिंपं त्याच्याही वर आहेत. काम पुरं झालं अशी सही मी करणार नाही."

"मग कोण करणार?"

"पिंपं निघाली की मीच करीन."

त्याने माणसांना एकत्र बसवून हिंदीत सगळं सांगितलं. ज्याला जायचंय त्याने परवाच्या होडीने जावं, आपल्याला राग नाही. चार जण गेले. सात जण राहिले, त्यातले दोघे कुरकुरतच.

फावड्याचा धक्का लागला की कुजलेला पत्रा फाटे, म्हणून शेवटची वाळू हातांनीच काढायची असं त्याने ठरवलं. तरीही तिसऱ्या दिवशी एक भरलेलं पिंप फुटलं. हारून खड्ड्यात उतरला आणि ओली वाळू गोण्यांत भरत राहिला. मधूनच मूठभर वाळू नाकाशी धरायची, वास आला की पुन्हा भरायची. डिझेलने हातमोज्यांच्या आतही कातडी सोलवटली.

पाचव्या दिवशी होडीतून नीलेश उतरला, सोबत राखीव क्षेत्राचा सौदी अधिकारी. हारूनला वाटलं, आपल्याला परत न्यायला आले. त्याने फावडं खाली ठेवलं नाही. अधिकाऱ्याने खड्डे पाहिले, वाकून वाळू हुंगली आणि किती दिवस लागतील ते विचारलं. हारून म्हणाला, नऊ. तितके मिळाले. परतलेल्या माणसांनी काढून आणलेले काठ्यांचे फोटो आपणच अधिकाऱ्याला पाठवले होते, हे नीलेशने सांगितलं नाही. ते हारूनला पुढे ऑफिसात कळलं. त्या दिवशी नीलेशने पँट दुमडली आणि संध्याकाळपर्यंत गोण्या वाहिल्या.

शेवटचं पिंप निघालं तेव्हा एप्रिलचे सहा दिवस गेले होते. हारूनने आणखी एक दिवस बेटभर सळई खुपसून पाहिली, मगच सही केली. इकामा उशिरा का होईना, पण झाला.

मे महिन्यात अधिकाऱ्याचा निरोप आला. एक कासवीण त्या बाजूला आली, पण न उकरताच परत गेली. हारूनने तो निरोप दोन-तीनदा वाचला. वास राहिला असेल का, म्हणून त्याने गावी बायकोला, सफूराला फोन करून विचारलं; तिला तरी काय ठाऊक. जूनमध्ये कळलं, त्याच वाळूत चार घरटी झाली आहेत. त्याने सफूराला पुन्हा फोन लावला.