आमच्या जहाजाचा पहिला नेम

नांदूरघाटाजवळच्या आमच्या गावात पोहता येणारा माणूस शोधावा लागायचा. मी नौदलात निघालो तेव्हा वडील म्हणाले, "हितं पाणी न्हाई म्हणून थेट समुद्रावर चाललास व्हय?"

खरं तर तसंच होतं. आयटीआय करून मी सहकारी साखर कारखान्यात एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली लागलो होतो. सलग दुष्काळ पडला, शेतातला ऊस चारा म्हणून छावण्यांत गेला, बॉयलर पेटलाच नाही. आम्हा नव्यांना घरी बसवलं. बीडला भरतीची जाहिरात दिसली आणि मी अर्ज टाकला.

पुढं काही वर्षांनी मी एका युद्धनौकेवर होतो. शत्रूची जहाजं बुडवणारी क्षेपणास्त्रं सांभाळणं हे माझं काम. हे अस्त्र लाटांच्या अगदी जवळून उडतं, म्हणून समोरच्याच्या रडारला उशिरा दिसतं. शेवटच्या टप्प्यात ते स्वतःचं रडार चालू करून जहाज हुडकतं. आम्ही रोज त्याची तपासणी करायचो, सराव करायचो; पण खरं डागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

अखेर तो दिवस आला. आपल्याच नौदलानं सेवेतून काढलेलं एक रिकामं जहाज क्षितिजापलीकडं लक्ष्य म्हणून सोडलेलं होतं. पहिला मान आमचा. मागं दुसरी नौका तयार उभी होती.

शेवटच्या तपासणीत, क्षेपणास्त्र ज्यातून सुटतं त्या लाँचरचा दिवा लाल लागला. पुन्हा तपासलं, पुन्हा लाल. आमचे अधिकारी म्हणाले, "राहू द्या. दुसऱ्या नौकेला सांगतो."

मी म्हणालो, "साहेब, पंधरा मिनिटं द्या."

त्यांनी कॅप्टनना विचारलं. परवानगी मिळाली.

लाँचरचा वीजपुरवठा तोडून मी केबलच्या जोडपेटीपाशी बसलो. साखर कारखान्यातला म्हातारा नेहमी म्हणायचा, "यंत्राला शिव्या द्यायच्या आधी जोड उघडून बघ बे. वाफ लई चोरटी असती." इथं वाफ नव्हती, खारी हवा होती. झाकणाचं रबर एका कोपऱ्यात चिरलेलं, आणि आतल्या एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर. पिन घासली, पेटी कोरडी केली, रबर बदललं.

पुरवठा जोडला. दिवा हिरवा.

"किती मिनिटं झाली?" कॅप्टननी विचारलं.

"अकरा, सर."

उलटी मोजणी सुरू झाली. लाँचरचं दार उघडलं, आगीचा लोळ उठला आणि अख्खी नौका हादरली. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर मी पाहिलं: अस्त्र आधी वर चढलं, मग खाली झेपावलं आणि पाण्यालगत सरळ निघून गेलं. मग काहीच दिसेना.

दूर उडणाऱ्या हेलिकॉप्टरमधून वैमानिकाचा आवाज आला, "लागलं! बरोबर मध्यभागी!"

एकच आरोळी उठली. साहेबांनी मला मिठीच मारली. संध्याकाळी स्पीकरवरून कॅप्टननी माझं नाव घेतलं, तेव्हा मी मेसमध्ये ताट घेऊन उभा होतो. सगळ्यांनी वाट्या वाजवल्या.

सुट्टीत घरी आलो. वर्तमानपत्रात ते जहाज बुडाल्याची बातमी फोटोसकट आली होतीच. वडिलांना माझी हकीकत सांगितली. ते नुसतं "बरं" म्हणाले. सकाळी त्यांच्याबरोबर दूध सोसायटीत गेलो, तर रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पोरानं जहाज बुडवलं माझ्या!"

"कुणाचं हो?" एकानं विचारलं.

"आपलंच!"

रांग खो खो हसली. वडीलही हसले, पण त्यांची छाती काही खाली येईना.