धडधाकट गाडी ओढून नेण्याचा गुन्हा

मोटरहोम भाड्याने घ्यायची, हे माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांनी ठरवलं. श्रीवर्धनजवळच्या वाडीत त्यांची धाकटी बहीण, सुमनमावशी, राहते. चार वर्षं दोघींची भेट नव्हती, कारण वाटेतले खाली बसायचे संडास आणि आईंचे गुडघे यांचं जमत नाही. चाकांवरच्या घरात खुर्चीचा संडास असतो. पण मावशीच्या घराची गल्ली इतकी अरुंद, की समोरून म्हैस आली तर रिव्हर्स आपण घ्यायचा. तेव्हा मी ठराव मांडला: आपली छोटी गाडी मोटरहोमच्या मागे जोडून न्यायची.

"तू मागून चालवत आण ना," माझा नवरा रवी म्हणाला.

मी उभी राहिले. आयुष्यभर व्याख्यानं दिली आहेत. बसून मला मुद्दा मांडता येत नाही. एका कुटुंबाने दोन इंजिनं जाळण्याचा माज या विषयावर वीस मिनिटं बोलले, आणि त्यातला शब्द न् शब्द मी मानते. फक्त खरं कारण सांगितलं नाही. नेरूळ ते वाशी सोडून मी गाडी चालवलेली नाही, आणि घाट म्हटलं की माझ्या तळहातांना घाम फुटतो.

रबाळ्याच्या एमआयडीसीत म्हात्र्यांचं वर्कशॉप आहे. त्यांनी गाडीचा पुढचा बंपर उतरवला, चॅसीला जाड पट्ट्या वेल्ड केल्या, त्यांना दोन गाड्या जोडणारा लोखंडी दांडा, म्हणजे टो-बार, बसवला आणि मागच्या दिव्यांची वायर मोटरहोमपर्यंत नेली. दोन दिवस आणि साडेअकरा हजार रुपये धरून चाला.

"टिकेल ना?" मी विचारलं.

"ताय, याला हत्ती बांदा. गारी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक खाली, चावी अर्दी फिरवून ठेवाची, नायतं स्टेअरिंग लॉक व्हयाल. पन एक सांगा, गारी चालू हाय, मंग ओढताव कनाला?"

मी इंधनावर बोलू लागले. म्हात्र्यांनी चहा मागवला.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. पाम बीच रोडवर एक मोटारसायकलवाला खिडकीशी येऊन जिवाच्या आकांताने ओरडला, "ओ ताई! मागच्या गाडीत ड्रायव्हर नाय!" पनवेलपर्यंत असे तिघे झाले. खारपाड्याला चहाला थांबलो, तर एका ट्रकवाल्याने हळहळत विचारलं, "इंजिन गेलं काय?"

"नाही हो," आई म्हणाल्या, "सुनेचं तत्त्व आहे."

पेणच्या अलीकडे वाहतूक पोलिसाने हात केला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "बंद पडलीय का?"

रवीने मला डोळ्यांनी विनवलं. पण माझ्यासमोर प्रश्न सत्याचा होता.

"मुळीच नाही! महिन्यापूर्वीच सर्व्हिसिंग केलंय."

पोलिसाने घाम पुसला. "मॅडम, पुन्हा विचारतो. बंद आहे ना?"

"साहेब, गाडी धडधाकट आहे आणि मी खोटं बोलणार नाही."

"मग सोडवा ती. बंद पडलेली गाडीच ओढता येते, तीही जवळच्या गॅरेजपर्यंत. चांगली गाडी ओढायला परवानगी नाही. चालवत न्या, नाहीतर परत जा."

माझ्या घरात तीन कपाटं पुस्तकं आहेत. नियमांचं एक पान वाचलं नव्हतं. हौशी वाचकांनो, निघण्याआधी ते वाचा.

"परत फिरू या," रवी म्हणाला. "आई, पुढच्या वर्षी बघू."

आई मावशीसाठी घेतलेल्या इरकल लुगड्याची पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवत बसल्या. तेव्हा माझं भाषण संपलं.

"मला घाटाची भीती वाटते," मी म्हणाले. "म्हणून हे सगळं केलं."

 उत्तर पोलिसाने दिलं. "दुसऱ्या गियरला चढा मॅडम. मागचे हॉर्न मारतील. मारू देत."

रवीने टो-बार सोडवला, मी छोट्या गाडीचं स्टेअरिंग धरलं. आई काठी टेकत उतरल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. "चल. मोठ्याने बोलत चालव. बोलताना तू कुणाला घाबरत नाहीस."

रवी मोटरहोम घेऊन पुढे, आम्ही मागे. माणगावला बांगड्याची थाळी झकास मिळाली. मी निम्मी टाकली. म्हसळ्याच्या घाटात स्त्रीशिक्षणावर बोलले. चढावर मुद्दा, वळणावर स्वल्पविराम. मागून एक जीप कर्कश हॉर्न वाजवत होती. मी काच खाली करू लागले.

"त्याला उत्तर देऊ नको," आई म्हणाल्या. "स्त्रीशिक्षण चालू ठेव."

मोटरहोम वाडीबाहेरच्या देवळाच्या मैदानात उभी केली. आधी फोन करून सरपंचांना विचारून ठेवा. छोटी गाडी गल्लीतून थेट मावशीच्या दारात. दोन्ही आरशांमध्ये आणि दगडी गडग्यांमध्ये वीतभर जागा उरली होती.

"केवढी म्हातारी झालीस गं!" मावशी म्हणाल्या.

"तू आधी आरशात बघ," म्हणत आईंनी जी मिठी मारली, ती सोडवायला चहा पुढे करावा लागला.

दोन रात्री राहून परतलो. येतानाही मीच चालवली. घाटात नागरिकशास्त्र झालं. हात अजूनही घामेजतात, पण आता मी ते रुमालाने पुसते, तत्त्वाने नाही. टो-बार बाल्कनीत आहे, कुणाला कायदेशीरपणे बंद पडायचं असेल तर कळवा.

काल आई मावशीशी फोनवर बोलत होत्या. "गणपती झाले की येते. नाही गं, ते घर-बिर नको. पेट्रोल पंपावर खुर्चीचे संडास असतात, मी येताना बघून ठेवलेत. रवीला नाही आणत. आम्ही दोघीच येतो."