जादाची कार्टनं

दोन वस्तू कधीही तंतोतंत सारख्या नसतात, असं थोर लोक सांगत आले आहेत. त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची पुठ्ठ्याची कार्टनं पाहिली नसावीत. दौंडजवळच्या आमच्या कारखान्यात ती दिवसाला हजारोंनी निघत.

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस एका परदेशी गिऱ्हाइकाला प्रत्येक कार्टनवर वेगळा नंबर हवासा झाला. कॅमेरा नंबर वाचणार, पन्नास कार्टनं एका खोक्यात जाणार, कोणत्या खोक्यात कोणते नंबर हे संगणक लक्षात ठेवणार. चाचणीची आखणी माझ्याकडे आली. मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. "चाचणी पास, तर तुम्ही कायम," मॅनेजर म्हणाले. उरलेलं वाक्य मी रोज शिरूरहून येताना एसटीत पूर्ण करी.

माझ्या आराखड्यात वीज जाण्यापासून उंदरांपर्यंत सगळं होतं. खोके भरणाऱ्या मावशी नव्हत्या.

गिऱ्हाइकाचा माणूस गेटवर पोचला तेव्हा मावशी अभिमानानं मला म्हणाल्या, "साहेब, एकबी खोका कमी न्हाई. एक कार्टन चेपलं, तर कालच्यातलं जादाचं घातलं."

मी जवळजवळ ओरडलोच. "मावशी, प्रत्येकाचा नंबर वेगळा आहे!"

"आतलं औषध तेच हाय न्हवं? मागं खोक्यात एक कमी निघालं, तवा तीन दिस घरी बसवलं व्हतं मला."

"कोणत्या खोक्यात घातलं?"

"ते कोन ध्यानात ठेवतंय?"

चाळीस खोके चिकटपट्टी लावून उभे होते. पाहुण्यानं आतले नंबर संगणकाशी ताडून बघायला त्यातले तीन निवडले. पहिला जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्याला लाल दिवा लागला.

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. "मुद्दाम ठेवलंय," माझ्या तोंडून निघालं. "यंत्रणा चूक पकडते का, ते बघायला."

मॅनेजर मावशींकडे वळले. "खरंय का हो?"

मी खाली बघत होतो. मावशींनी पदर खोचला. "व्हय तर! साहेबच म्हनले, एक घाला म्हनून. मी कशाला माझ्या मनानं घालू?"

मॅनेजरनी ते पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं. तो प्रसन्न झाला आणि माझ्या दूरदृष्टीबद्दल त्यानं वहीत दोन ओळी लिहिल्या.

महिन्याभरानं कायम झाल्याचं पत्र घ्यायला गेलो, तेव्हा नंबरवाल्या कार्टनांची ती लाईन बंद होती. नंबर छापायची शाई संपली होती, आणि ती मागवायचं कोणाच्याही आराखड्यात नव्हतं.