संमतीपत्रावरची सही

वकिलीच्या शेवटच्या वर्षाला मी वैद्यकीय कायदा हा विषय घेतला आणि कॉलेजनं आम्हाला नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात निरीक्षणाला पाठवलं. अट एकच: बघायचं, लिहायचं, बोलायचं नाही. माझ्या नाकावर राग कायमचाच मुक्कामाला, त्यामुळे ही अट खास तुझ्यासाठीच आहे, असं मैत्रिणी म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत चांदवडकडची एक बाई हिरवा गाऊन घालून बसली होती. वय तिशीच्या आतलं. मी न विचारताच तिनं सांगितलं, "गाठ हाय पोटात. ती निघाली का लेकरू राहील. लय वाट पाहिली." मी मान हलवली आणि तिची फाइल उघडली. संमतीपत्रावर लिहिलं होतं, गर्भाशय काढणे. खाली सही मोठ्या दिराची.

मी ती ओळ पुन्हा वाचली. स्ट्रेचर दाराशी येऊन लागलं होतं.

"सिस्टर, बाई शुद्धीवर आहे, सज्ञान आहे. सही तिचीच लागते," मी हळूच म्हटलं.

"कागदांचं त्यांच्याकडे मोठे भाऊच बघतात," सिस्टर म्हणाल्या. "घरच्यांना सगळं सांगितलंय."

सातबारा असो, सोसायटीचा अर्ज असो, नाहीतर घरातल्या बाईचं गर्भाशय. कागद म्हटला की सही दादांची. वर्गात या मुद्द्यावर मी तावातावानं बोलले होते. आता मात्र मी फाइल मिटली. कॉलेजकडे तक्रार गेली तर वर्ष वाया जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण बाई स्ट्रेचरवर चढायला लागली आणि मी फाइल घेऊन धावले.

डॉक्टरबाई हात धुत होत्या. "तुम्ही बघायला आलायत ना?" त्या वैतागून म्हणाल्या. मी फाइल समोर धरली. "तिला माहीत आहे असं मला सांगितलं होतं," एवढंच बोलून त्या ओल्या हातांनी बाहेर आल्या. नवरा आणि दीर यांच्यासमोरच त्यांनी विचारलं, "पिशवी काढणार आहोत, ठाऊक आहे ना?"

बाईचा चेहरा पांढरा पडला. मान खाली घालून ती म्हणाली, "दादा म्हनतील तसं."

संपलं, असं मला वाटलं. पण डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, मलाही.

बाहेर दीर येरझाऱ्या घालत मला सुनावत होते, "किती रगत जातं तिचं, म्हाईत हाय का? उद्या काय झालं तर तुमी येनार का?" नवरा बाकावर मूग गिळून बसला होता. सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच आला होता.

अर्ध्या तासानं डॉक्टरबाई आल्या. "आज ऑपरेशन नाही. पिशवी राहणार, पुढच्या वेळी फक्त गाठ काढू. त्यात धोका आहे, तो तिला समजावलाय. आता सही तीच करेल."

दीर तणतणत जिना उतरून गेले. नवरा तिथंच बसून राहिला.

"तुम्ही एका शब्दानं तरी बोलायचं," मी न राहवून म्हटलं.

"पिशवी काढनार, हे मला बी आत्ताच कळलं," तो म्हणाला. मग तळहात चोळत त्यानं विचारलं, "जाऊ का आता तिच्याकडं?"

"ते तिलाच विचारा."

तो उठला. दार अर्धवट उघडंच होतं, तरी आत शिरला नाही. उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "येऊ का गं?"