पाच मिलिमीटरचं खोटं

सासऱ्यांची ओळख होण्याआधी जावयाची त्यांच्या हातोडीशी ओळख झाली, आणि तीही हवेत. इस्त्रीचा सदरा आणि चकाकणारे बूट अशा थाटात तो मुलीच्या आईवडिलांना भेटायला फाटकातून आत शिरला, तोच मागच्या खोलीच्या खिडकीतून लोखंडाचा एक ठोकळा सुसाट बाहेर पडला. तोफेच्या गोळ्यानं लाजून पुन्हा तोफेत जाऊन बसावं असा त्याचा वेग. त्यानं अंगणाची हवाई पाहणी केली, जावयाच्या डाव्या कानाशी ‘जरा सरकता का’ म्हटल्यासारखं केलं आणि एक कुंडी फोडून तो मातीत विसावला. मागोमाग एक किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. हातात नुसता दांडा, तोही राजदंडासारखा उभा धरलेला. त्यांनी पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

“डोकं पाहिलंत का कुठं?”

पाहुण्यानं आधी स्वतःचं चाचपलं. ते जागेवर होतं. मग त्यानं कुंडीकडे बोट दाखवलं.

“सुटणार म्हणून कालच लिहून ठेवलं होतं,” असं म्हणून गृहस्थांनी दांडा त्याच्यापुढे धरला. त्यावर पांढऱ्या रंगानं, शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारख्या अक्षरात लिहिलं होतं : ‘डोकं सैल. खिडकीकडे तोंड करून मारू नये.’

“मग तिकडेच तोंड करून का मारलंत?” स्वयंपाकघरातून भावी सासूबाईंचा आवाज आला.

“उजेड तिकडून येतो,” गृहस्थ म्हणाले.

एवढं होऊनही त्यानं लग्न केलं, यावरून मुलगी कशी असेल याची कल्पना यावी.

जावई एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होता. टूलरूम म्हणजे कारखान्याचा देव्हारा. तिथं मिलिमीटरचे शंभर भाग करतात आणि त्यातला एक इकडचा तिकडे झाला तर माणसं सुतकात असल्यासारखी बसतात. तिथली हत्यारं मखमलीत झोपतात. अशा सोवळ्यातल्या माणसाला सासरे मिळाले ते हे.

सासरे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. तीस वर्षं घरोघरी फिरून त्यांनी पाण्याचे मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर घराची मागची खोली ताब्यात घेतली. पेठेच्या टोकाला एक हार्डवेअरचं दुकान होतं. त्याच्या दाराशी एक मोठी टोपली असे. डाग पडलेलं, खोकं फाटलेलं, कुणी परत आणून टाकलेलं, ज्या कंपनीचं नाव तिच्या मालकालाही आठवू नये असं सगळं हत्यार त्या टोपलीत, निम्म्या किमतीत. लोक दुकानात जाताना टोपलीला अडखळत. सासरे टोपलीसाठी जात आणि दुकानाला अडखळत. दुकानदार त्यांना ‘टोपलीसाहेब’ म्हणायचा. गल्लीनंही तेच नाव उचललं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेब म्हणवून घ्यायचा योग नोकरीत काही आला नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत जावयानं, आपण या क्षेत्रातले म्हणून, सौम्यपणे विषय काढला. स्वस्तातलं हत्यार म्हणजे शेवटी महागातच पडतं, वगैरे. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि त्याला टोपलीतून नुकताच आणलेला एक रंधा दाखवला. लाकूड तासायचं सोडून ते ओरबाडण्यासाठीच तो जन्माला आला असावा असं त्याचं रूप होतं. तळ वाकलेला, पातं पोळपाटासारखं बोथट, मूठ अशी की हाताला चावावी.

“बाजारातून हत्यार आणलं म्हणजे अर्धंच आणलं, जावईबापू,” सासरे म्हणाले. “उरलेलं अर्धं घरी करायचं असतं. महागवाले तेवढ्याचेच पैसे घेतात.”

मग तीन दिवस त्या रंध्याची शाळा चालली. जाड काचेवर काचकागद चिकटवून सासरे त्याचा तळ घासत बसले. तळावर पेन्सिलीच्या रेघा मारायच्या आणि सगळ्या एकदम पुसल्या जाईपर्यंत घासायचं. पात्याला दगडावर धार, मुठीवर कानस, सैल स्क्रूखाली पत्र्याची चकती. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरून रंधा फिरवला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक लांब ढलपी वेटोळं घेत जावयाच्या बुटावर पडली. जावयानं ती उचलली, सवयीनं खिशातलं माप लावलं आणि माप परत खिशात ठेवलं. ढलपीसुद्धा.

पण सासरे अंधभक्तही नव्हते. डोळे, बोटं आणि वीज या तिघांच्या बाबतीत सवलत घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. चष्मा, शिडी आणि विजेचं ड्रिल यांसाठी ते टोपली ओलांडून छाती काढून दुकानात शिरत. दुसरा नियम असा : कुठलंही हत्यार पहिल्यांदा टोपलीतलंच घ्यायचं. वापरून वापरून मोडलं, तर ते आपल्याला लागतं हे सिद्ध झालं, मग चांगलं घ्यावं. न मोडता गंजलं, तर आपण किती वाचलो. सासूबाईंच्या मते या नियमानं खोलीत गंजून सुखी झालेली हत्यारं चाळीसेक तरी होती.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती पांढरी अक्षरं. प्रत्येक हत्याराची खोड सासरे त्याच्या अंगावर लिहून ठेवत. करवतीवर ‘डावीकडे ओढते, उजवीकडे समजूत घालावी’. पकडीवर ‘ओली झाली की रुसते’. आणि दाराशी खिळ्याला टांगलेल्या मोजायच्या टेपवर ‘पाच मिमी जास्त सांगतो’.

या टेपवरून जावयाचं डोकं फिरलं. त्याच्या टोकाची पत्री वाकडी होती. आपण ती सरळ करून देतो, म्हणाला. नाही तर नवा आणून देतो. खोटं माप सांगणारी वस्तू घरात ठेवायची म्हणजे काय.

“तीस वर्षं मीटर वाचले,” सासरे म्हणाले. “खरं बोलणारा एक नाही भेटला. पण जो रोज तेवढंच खोटं बोलतो ना, त्याच्याइतका भरवशाचा कुणी नाही. मोजायचं, पाच वजा करायचे, की झालं.”

जावई त्या दिवशी हसला. सोमवारी कामावर गेल्यावर त्यानं आपल्या मखमलीतल्या मापाचं कार्ड पाहिलं. वर छापलेलं होतं, शून्यदोष, म्हणजे मापाची मुळातलीच चूक, इतका इतका, मोजमापातून वजा करावा. खाली त्याचीच सही.

असं सगळं सुखात चाललेलं असताना घरात कपडे धुण्याचं यंत्र आलं. त्याला जागा नव्हती. ते स्वयंपाकघराच्या तोंडाशी ठेवलं, आणि कपडे पिळायला लागलं की ते थरथरत पुढं सरके. सासूबाई एका पायानं त्याला अडवून पोळ्या लाटत. दोन महिने हे केल्यावर त्यांनी मागची खोली मागितली. सासऱ्यांचा चेहरा असा झाला की बाईंनाच वाईट वाटलं, पण पाय दुखत होताच. शेवटी त्यांनी मुलगी आणि जावई यांच्यादेखत निवाडा दिला. स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटाला आठ महिने दार नव्हतं. सुतार आठ महिने ‘उद्या येतो’ म्हणत होता. “त्या कपाटाला धड दार बसवून दाखवा,” त्या म्हणाल्या. “फट दिसता कामा नये. बसलं तर खोली तुमची, मी परत शब्द काढणार नाही. नाही बसलं तर तुमचा बाजार उचलायचा आणि मशीन तिथं जाणार.”

रविवार ठरला. सासूबाई आणि मुलगी सकाळीच मावशीकडे गेल्या आणि जावई मदतीला थांबला. खरं तर त्याला रात्रभर झोप लागली नव्हती. हातोडीनं कान वाचवला त्या दिवसापासून या खोलीशी त्याचं काहीतरी जुळलं होतं, आणि तिथं धुण्याचं यंत्र येणार हा विचार त्याला सोसवत नव्हता.

दाराची रुंदी सासऱ्यांनी आदल्या दिवशीच मोजून ठेवली होती. उंची राहिली होती. ते फळ्या तासण्यात गुंग होते, म्हणून त्यांनी जावयाला मोजायला पिटाळलं. जावयानं दाराशी टांगलेल्या टेपला हात घातला आणि ती पांढरी अक्षरं वाचली. आज परीक्षा, आणि खोट्या टेपनं मोजायचं? त्यानं टेप होता तिथं ठेवला, खिशातून स्वतःचा, कारखान्याचा, शपथेवर खरं सांगणारा टेप काढला, तीनदा मोजलं आणि आकडा फळीच्या तुकड्यावर लिहून सासऱ्यांपुढे ठेवला.

सासऱ्यांनी आकडा वाचला, पाच वजा केले आणि दार कापलं.

बिजागऱ्यांवर दार चढलं तेव्हा खालची बाजू सुरेख बसली. वर मात्र फट. साधीसुधी नव्हे, झुरळानं मान न वाकवता जावं अशी. सासऱ्यांनी फळीच्या तुकड्यावरचा आकडा पाहिला. मग खिळ्याला लोंबणारा टेप पाहिला. मग जावयाच्या फुगलेल्या खिशाकडे.

“कशानं मोजलंत?”

जावयानं आपला टेप काढून दाखवला.

“म्हणजे खरं बोललात,” सासरे म्हणाले. “निदान मला सांगायचं तरी.”

जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो म्हणाला, मी आईंना सांगतो, चूक माझी आहे. सासरे अडगळीत वाकले होते. त्याच फळीचा कापून उरलेला तुकडा त्यांनी शोधून काढला, शिरा जुळवून पाहिल्या आणि त्याची एक बारीक पट्टी कापली. मग तो टोपलीतला रंधा घेतला. जावयानं पट्टी धरली. सासरे तासत गेले आणि पाच मिलिमीटर आले तिथं थांबले, कुठल्याही टेपला न विचारता. दार खाली उतरवलं, गोंद लावून पट्टी त्याच्या माथ्यावर बसवली आणि घरातले होते नव्हते ते सगळे टोपलीतले क्लॅम्प, अकरा, तिच्यावर आवळले. प्रत्येकावर काही ना काही लिहिलेलं होतंच. एकावर ‘हा फक्त धीर देतो’.

सासूबाई परत आल्या तेव्हा दार ओट्यावर आडवं होतं, अपघातातून वाचलेल्या माणसासारखं. जावयानं एका दमात सगळं सांगून टाकलं. टेप, खिसा, आकडा. चूक माझी, बाबांची नाही.

“पण त्यांनी पाच वजा का केले?” सासूबाईंनी विचारलं.

“कारण टेप खोटा आहे.”

“पण तुमचा तर खरा होता.”

“हो.”

त्यांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, “चहा टाक गं, मला बसू दे जरा.”

संध्याकाळी दार चढलं. सासूबाईंनी ते लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मिटताना त्याचा ‘टक’ असा एवढासाच आवाज आला. मग त्यांनी दाराच्या माथ्यावरून नख फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. सांधा शोधत होत्या. सासरे खिडकीबाहेर बघत उभे होते आणि त्यांच्या हातातला काचकागद चुरगळून गेला होता.

“कुठं जोडलंय ते दाखवा बरं,” त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, बोट फिरवलं. त्यांनाही सापडेना.

“राहू दे मशीन आहे तिथं,” सासूबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

त्यानंतर तो विषय घरात कधी निघाला नाही. सासऱ्यांनी यंत्राच्या पायांखाली चार पाचरी ठोकल्या. त्यामुळं ते सरकायचं थांबलं, फक्त जागच्या जागी नाचू लागलं. जावई दर रविवारी येऊ लागला. टूलरूममध्ये कुणी स्वस्तातल्या हत्याराला नावं ठेवली की तो खिशातून जुनी, पिवळी पडलेली ढलपी काढून समोर ठेवायचा. स्वतःच्या खऱ्या टेपवर त्यानं पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं, ‘आधी सांगून वापरावा’.

सासरे पुढं नऊ वर्षं त्या खोलीत रमले आणि एका हिवाळ्यात न्यूमोनियानं गेले. आता तिथं कपडे धुण्याचं यंत्र आहे.